विन-९४ ने सिंह मारता येईल का? लीव्हर रायफल, आफ्रिका आणि आपल्या शेजारचा बिबट्या

(भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ बरेचसे काढलेत, काही मुद्दाम ठेवलेत.)

ठाकुर्लीहून बोलतोय, त्यामुळे मध्येच मागून फास्ट लोकल गेली तर सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांना तो त्रास नाही, तुमचं बरंय.

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांच्या व्हॉइस नोट्स आल्या आणि प्रश्न फिरून फिरून एकच. पबजीत मिरामारच्या मॅपवर विन-९४ मिळते ना, खाली कडी असलेली, प्रत्येक गोळीनंतर खटॅक-खटॅक करायला लागते ती. ती खरी बंदूक आहे का? आणि काउबॉय पिक्चरमधल्या असल्या बंदुकीने आफ्रिकेत लोक सिंह आणि रानरेडे मारायचे असं रील्सवर सांगतात, ते खरं की फेकाफेकी?

दोन्हीचं उत्तर ‘हो’ आहे. पण दुसऱ्या ‘हो’ला इतक्या अटी चिकटलेल्या आहेत की आजचा अख्खा भाग त्या अटींवरच जाणार आहे.

आधी बंदूक. विंचेस्टर मॉडेल १८९४, डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. ७० लाखांहून जास्त बनल्या. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला घराघरात हीच असायची. गेममध्ये ती .४५ एसीपी नावाचं काडतूस झाडते, जे खरं तर पिस्तुलाचं. खऱ्या ९४ चं प्रसिद्ध काडतूस वेगळं, त्याला .३०-३० म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती कडी म्हणजे लीव्हर. घोड्याभोवतीच एक लोखंडी कडी असते, तिच्यात तीन बोटं अडकवायची. गोळी सुटली की कडी खाली आणि पुढे ढकलायची. आतला बोल्ट मागे सरकतो आणि रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. कडी परत वर ओढली की नवं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये बसतं. सरावलेल्या माणसाला याला एक सेकंद लागतो, आणि मुख्य म्हणजे बंदूक खांद्यावरून खाली घ्यावी लागत नाही. नजर निशाण्यावर, हात खाली काम करतोय. आठवतं ना, गेममध्ये बोल्ट-अॅक्शन स्नायपरला प्रत्येक गोळीनंतर स्कोपमधून बाहेर यावं लागतं? तीच कटकट इथे वाचते.

मग सगळ्या जगाने लीव्हरच का नाही घेतली? त्याचं उत्तर काडतुसं ठेवायच्या जागेत आहे. ९४ मध्ये नळीच्या खाली दुसरी बारीक नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक झोपवलेली असतात, लोकलच्या डब्यांसारखी. मागच्या काडतुसाची गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेली. आणि बुडात काय असतं? प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी बारीक टोपी. आता मागची गोळी टोकदार असली आणि बंदुकीचा धक्का बसला तर ते टोक पुढच्या प्रायमरवर आपटणार. नळीच्या आत, तुमच्या डाव्या हाताच्या पंजाखाली. म्हणून या बंदुकांना चपट्या किंवा गोल नाकाच्या गोळ्या लागतात. चपटी गोळी हवा कापत नाही, हवेला धडकत जाते, त्यामुळे लांबवर तिचा वेग पटकन मरतो. दीडशे-दोनशे मीटरच्या आत ठीक, पुढे कठीण.

ब्राउनिंगने हा घोळ १८९५ च्या मॉडेलमध्ये सोडवला. नळीखालची नळी काढून टाकली आणि लीव्हरच्या पुढे पोटात उभी पेटी दिली, काडतुसं एकावर एक. आता टोकदार गोळीही चालणार आणि जास्त ताकदीचं काडतूसही. ही बंदूक इतकी दणकट निघाली की पहिल्या महायुद्धात रशियाने जवळपास ३ लाख मागवल्या. आणि हीच ती बंदूक, जी आफ्रिकेत गेली.

१९०४ मध्ये या मॉडेलसाठी .४०५ विंचेस्टर नावाचं काडतूस आलं. साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, नळीतून निघताना वेग सेकंदाला ६७० मीटर.

थोडं गणित करू, पळून जाऊ नका. ताकद ज्यूलमध्ये मोजतात. बुमराहने ताशी १४५ ने टाकलेल्या बॉलमध्ये साधारण १३० ज्यूल असतात. गेममधल्या विन-९४ च्या .४५ एसीपीमध्ये पावणेपाचशेच्या आसपास. खऱ्या ९४ च्या .३०-३० मध्ये अडीच हजाराच्या जवळ. आणि .४०५ मध्ये? साधारण ४ हजार ३५०. म्हणजे पबजीची विन-९४ आणि आफ्रिकेत गेलेली विंचेस्टर दिसायला बहिणी असल्या, तरी ताकदीत नऊपट फरक. गेममधल्या काडतुसाने खरा सिंह मारायला जाणाऱ्याच्या घरच्यांनी आधी विमा बघावा.

आता माणूस. थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचा २६वा राष्ट्राध्यक्ष. मार्च १९०९ मध्ये पद सोडलं आणि एप्रिलमध्ये मुलगा कर्मिटला घेऊन मोंबासाला उतरला. स्मिथसोनियन म्युझियमसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करायची ही मोहीम जवळपास वर्षभर चालली, दोनशेहून जास्त हमाल सोबत. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली: बापाने २९६, मुलाने २१६. त्यात रूझवेल्टचे नऊ सिंह.

त्याच्याकडे तीन प्रकारच्या रायफली होत्या. हलक्या जनावरांसाठी बोल्टवाली स्प्रिंगफील्ड, हत्ती-गेंड्यासाठी हॉलंड अँड हॉलंडची दुनळी, आणि मधली ही लीव्हरवाली .४०५. सिंहासाठी हीच त्याची लाडकी होती, सिंहावरचं औषध असल्यासारखं तो तिच्याबद्दल लिहितो. त्याची नजर अधू होती, जाड चष्मा, आणि व्हाइट हाउसमध्ये बॉक्सिंग करताना ठोसा बसून डाव्या डोळ्याची दृष्टी गेलेली. अशा माणसाला पहिली गोळी नेमकी बसेलच याची खात्री नाही. त्याला काय हवं? खांद्यावरून न हलवता दुसरी, तिसरी, चौथी गोळी. लीव्हर त्याच्यासाठी शोभेची नव्हती, चष्म्यासारखीच गरजेची होती.

पण हाच माणूस हत्ती समोर आला की ती खाली ठेवून दुनळी उचलायचा, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं.

सिंह मोठा असतो, दोनशे किलोच्या आत-बाहेर. पण कातडं पातळ, हाडं बेताची. मऊ नाकाची गोळी आत शिरून पसरली, फुप्फुस किंवा काळीज फुटलं की तो जातो. त्याची भीती वेगळी, तो येतो फार झपाट्याने. चाळीस मीटरवरून निघालेला सिंह तीनेक सेकंदांत अंगावर. तीन सेकंदांत लीव्हरने दोन गोळ्या जातात, हात थरथरत नसेल तर.

आफ्रिकन रानरेडा, ज्याला केप बफेलो म्हणतात, हे वेगळंच प्रकरण आहे. मोठा नर सात-आठशे किलो. आपल्या राधानगरी-दाजीपूरचा गवा डोळ्यासमोर आणा, साधारण तशीच छाती. कातडं जाड, बरगड्या रुंद, आणि काळीज खूप आत. इथे गोळीने पसरून चालत नाही, खोल गेलं पाहिजे. म्हणून शिकारी ‘सॉलिड’ वापरतात, म्हणजे न पसरणारी, कडक धातूची गोळी.

खोल जाणं म्हणजे नुसती ताकद नाही. एकाच वजनाचे दोन खिळे घ्या, एक जाडा आखूड, एक बारीक लांब. हातोडी तीच मारा. कुठला आत जाईल? .४०५ ची गोळी जाडी आखूड आहे. १९१२ मध्ये आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची गोळी वजनाला तेवढीच, पण बारीक, लांब आणि जास्त वेगाची, ताकद ५ हजार ७००-८०० ज्यूल. म्हणून रानरेड्यासाठी आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी .३७५ हाच खालचा दर्जा मानतात, त्याच्या वरचं काहीही आणा.

झिंबाब्वेच्या नियमात तर हा फरक आकड्यात बांधलेला आहे. हत्ती, पाणघोडा, रानरेडा मारायचा तर रायफलची ताकद किमान ५ हजार ३०० ज्यूल हवी. सिंहासाठी ४ हजार ३०० पुरे. आता रूझवेल्टच्या .४०५ चे आकडे परत बघा. सिंहाच्या परीक्षेत काठावर पास, रानरेड्याच्या परीक्षेत नापास. शंभर वर्षांपूर्वी त्याला अनुभवाने जे कळलं होतं, तेच कायद्याच्या तक्त्यात उतरलंय.

लीव्हरची अजून एक अडचण रील्सवर कुणी सांगत नाही. उन्हात तापलेलं काडतूस जास्त दाब तयार करतं, आणि दाब जास्त झाला की रिकामी पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. बोल्टवाल्या रायफलीत दांडा वर उचलताना पेचासारखी उचक बसून ती पुंगळी सुटते. लीव्हरमध्ये ती उचक कमी. समोर जखमी रानरेडा आणि हातात अडकलेली कडी, विचार करा. इंग्रजांच्या त्या अजस्र दुनळ्यांची काडतुसं मुद्दाम मोठ्या पुंगळीची आणि कमी दाबाची बनवली गेली, ती हिंदुस्थान आणि आफ्रिकेचं ऊन डोळ्यापुढे ठेवूनच. आजही काही हौशी लोक .४५-७० ची लीव्हर रायफल आणि कडक चपट्या गोळ्या घेऊन दक्षिण आफ्रिकेत रानरेडा मारायला जातात, आणि मारतातही. पण शेजारी मोठी रायफल धरून धंदेवाईक शिकारी उभा असतो, आणि व्हिडिओच्या फ्रेममध्ये तो बहुधा नसतो.

आणि इथे मला तुम्हाला थोडं मागे न्यायचंय, १८९८ मध्ये. कारण आफ्रिकेतली शिकार म्हटलं की आपल्यासमोर टोपीवाला गोरा येतो, पण तिथल्या सगळ्यात गाजलेल्या सिंहांच्या गोष्टीत बहुतेक पात्रं आपल्याकडची आहेत.

ठाकुर्लीच्या पोरांना ही गोष्ट जवळची वाटेल. आपलं गाव वाढलं तेच रेल्वेमुळे: चोळ्याचं पॉवर हाऊस, रेल्वे क्वार्टर्स, फाटक. नैरोबीचंही तसंच, १८९९ मध्ये ते रेल्वेचा डेपो म्हणून सुरू झालं. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी ही युगांडा रेल्वे, मीटर गेजची. बांधली कुणी? हिंदुस्थानातून जहाजाने नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी, त्यात पंजाबी सगळ्यात जास्त. जवळपास अडीच हजार तिथेच मेले, तापाने, अपघातांनी, आजाराने.

त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंह तंबूंतून माणसं उचलून न्यायला लागले. अनेक महिने हा प्रकार चालला. रेल्वेच्या हिशेबात २८ हिंदुस्थानी मजूर. स्थानिक आफ्रिकन माणसं किती गेली याचा धड हिशेबच ठेवला नव्हता. पुलावरचा इंजिनिअर जॉन पॅटरसनने पुढे १३५ हा आकडा सांगितला. २००९ मध्ये शिकागोला ठेवलेल्या त्या सिंहांच्या केसांवर आणि हाडांवर संशोधन झालं, त्यातून ३५ च्या आसपास असा अंदाज निघाला. आकडा कुठलाही धरा. रात्री काट्याच्या कुंपणाच्या आत झोपलेल्या मजुराच्या हातात बंदूक नव्हती, एवढं नक्की.

पॅटरसनने एक सापळा केला, रेल्वेच्याच सामानाचा. रूळ, स्लीपर, साखळ्या. दोन कप्पे, मध्ये रुळांचे गज. एका कप्प्यात सिंह यावा, दुसऱ्यात शिपाई, हातात मार्टिनी रायफली. मार्टिनीलाही खाली लीव्हर असते, पण ती एका वेळी एकच गोळी घेते. कडी खाली केली की ठोकळा उघडतो, हाताने काडतूस घालायचं. तर एका रात्री सिंह खरोखर आत आला, दार पडलं, तो अडकला. काही फुटांवर सिंह, मध्ये गज, हातात भरलेल्या रायफली. गेममध्ये असं मिळालं तर तुम्ही स्क्रीनशॉट काढाल. शिपाई इतके घाबरले की आधी गोळीच झाडेनात. मग झाडायला लागले तर वीसेक गोळ्या भलतीकडेच गेल्या, आणि त्यातल्या एकीने दाराचा गज तोडला. सिंह निघून गेला.

मी हे हसण्यासाठी सांगत नाहीये. अंधार, दोन हातांवर गुरगुरणारं जनावर, आणि आयुष्यात कधी असल्या कामाचा सराव नाही. त्या शिपायांच्या जागी मी असतो तर माझी गोळी छतात गेली असती. बंदुकीचे ज्यूल मोजता येतात, या गोष्टीचा तक्ता नसतो.

पॅटरसनचंही फार वेगळं झालं नाही. मोठ्या जनावरासाठी उसनी आणलेली जड दुनळी ऐन वेळी नुसती टिक करून गप्प बसली. शेवटी डिसेंबर १८९८ मध्ये दोन्ही सिंह मेले, पण बऱ्याच गोळ्या खाऊन. दुसरा सिंह जखमी होऊन अंगावर आला तेव्हा पॅटरसनने मागे हात केला, मार्टिनी घेण्यासाठी. ती होती महिना नावाच्या त्याच्या हिंदुस्थानी बंदूकवाहकाकडे, आणि महिना बंदुकीसकट झाडावर पोचला होता! पॅटरसनही झाडावर चढला, तिथून बंदूक घेऊन झाडली. लोक हा किस्सा बंदूकवाहकाच्या भित्रेपणाचा म्हणून सांगतात. मला उलट वाटतं. दुसऱ्याने जखमी केलेल्या सिंहासमोर बंदूक उचलून उभं राहायचं, आणि ती झाडायची मात्र नाही. एवढं काम करणारा माणूस झाडावर चढला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

हा मुद्दा धरून ठेवा: जखमी जनावर. आफ्रिकेतल्या शिकारी सफारींमध्ये सगळ्यात कडक नियम त्याचाच असतो. जखमी केलंत तर ते सापडो न सापडो, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे, आणि गवतात त्याच्यामागे जायची जबाबदारी सोबतच्या धंदेवाईक शिकाऱ्याची. कारण जखमी सिंह किंवा रानरेडा सोडून दिला तर उद्या सकाळी त्या वाटेने बंदूकवाला जात नाही. पाणी भरायला बाई जाते, गुरं घेऊन पोरगा जातो. (केनियाने, जिथे रूझवेल्ट आणि पॅटरसन दोघांचं नाव झालं, १९७७ मध्ये खेळाची शिकार बंदच करून टाकली.)

रूझवेल्टची बंदूक आपल्या देशातही होती बरं. बंगळुरूचे केनेथ अँडरसन, १९१० ते १९७४. जिम कॉर्बेटनंतर नरभक्षकांच्या गोष्टींसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं ते. कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल म्हणजे बोल्टवाली .२७५ रिग्बी. अँडरसन मात्र हीच लीव्हरवाली विंचेस्टर १८९५, .४०५ घेऊन दक्षिणेतल्या जंगलात फिरायचे. वाघ-बिबट्यासाठी तिची ताकद भरपूर होती, आणि अंधारात मचाणावरून पटकन दुसरी गोळी मिळायची. त्यांच्या गोष्टी वाचाल तर जाणवेल, गोळी झाडणं एका पानात संपतं. बाकीची पानं वाट बघण्यात, पायाचे ठसे वाचण्यात आणि ‘हाच तो वाघ आहे का’ हे ठरवण्यात जातात.

आणि ‘हाच तो आहे का’ हा प्रश्न घेऊन आता महाराष्ट्रात येऊ.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. वाघ-बिबट्या पहिल्या परिशिष्टात. मारला तर तीन ते सात वर्षं कैद. पण कायद्यात एक दार आहे, कलम ११. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन मारायची परवानगी देऊ शकतात. अट अशी, की ते पकडता येत नाही, भूल देता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही याची आधी खात्री हवी. आणि खरोखर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना मारलं गेलं तर तो गुन्हा नाही. एवढंच. ‘गावात दिसला म्हणून’ हे कारण त्यात नाही.

हे दार प्रत्यक्षात कसं उघडतं ते बघायचं तर यवतमाळ. टी-१ वाघीण, लोक तिला अवनी म्हणायचे. पांढरकवडा-राळेगाव भागात २०१६ ते २०१८ मध्ये १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. कापसाच्या शेतात जाणारी माणसं, गुराखी. त्या गावांमध्ये दोन वर्षं संध्याकाळी पाचनंतर शेतात थांबायची छाती नव्हती, ही बाजू शहरात बसून विसरू नये. तिला पकडायला काय नाही केलं? कॅमेरा ट्रॅप, शिकारी कुत्रे, पॅराग्लायडर, एक परदेशी परफ्यूम आमिष म्हणून, आणि हत्ती. त्यातला एक हत्ती बिथरून सुटला आणि एका बाईचा जीव गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेशात हात घालायला नकार दिला. आदेश असा होता: आधी भूल द्या, जमलंच नाही तर गोळी.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ जीपमधून झाडलेल्या गोळीने ती मेली. गोळी असगर अली या नेमबाजाची. सांगितलं गेलं की डार्ट मारली, ती अंगावर आली, म्हणून झाडावी लागली. पण शवविच्छेदन आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने या हकीकतीवर प्रश्न उभे केले. गोळीची दिशा समोरून चाल करणाऱ्या जनावराशी जुळत नव्हती. भूल द्यायच्या वेळी पशुवैद्य हवा, तो तिथे नव्हता.

माझं मत सांगतो, पटेल न पटेल. अवनीला मारायला नको होतं असं मी म्हणणार नाही. तेरा घरांपुढे उभं राहून ते म्हणायची माझी हिंमत नाही. पण मारायचं तर दिवसाउजेडी, ओळख पटवून, डॉक्टर आणि कागद जागेवर ठेवून. रात्री जीपमधून गोळी झाडली, की वाघीण मरते आणि पुढच्या वेळी वनखात्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ते नुकसान मोजायला कुठलाच ज्यूलचा तक्ता नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचंही बघा. काही आठवड्यांत तीन बळी, दोन त्यातली लहान मुलं. लोक रस्त्यावर आले. मग परवानगी निघाली, आधी भूल द्यायचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि नेमबाजांनी बिबट्या मारला. बिबट्याचं वजन पन्नास-साठ किलो. त्याला .४०५ सोडा, त्याच्या अर्ध्या ताकदीची रायफलही पुरते. खरी अडचण अशी, की त्या उसाच्या पट्ट्यात बिबटे एकाहून जास्त आहेत, रात्री टॉर्चमध्ये सगळे सारखे दिसतात, आणि चुकीचा मारला तर खरा अजून उसातच आहे. म्हणून ठसे, कॅमेरा, लाळेचे नमुने.

आणि आता अगदी घराजवळ. नोव्हेंबर २०२२, कल्याण पूर्व, चिंचपाडा. ठाकुर्लीहून रिक्षाने जाल एवढ्या अंतरावर. सकाळी बिबट्या एका इमारतीत शिरला. काही माणसं जखमी झाली, खाली हजारोंची गर्दी, प्रत्येकाचा मोबाइल वर. तेव्हा ‘पोलिसांकडे बंदुका नाहीत का’ असं विचारणारे खूप होते. इमारतीच्या जिन्यात रायफलची गोळी झाडली तर काय होतं? बिबट्याच्या अंगातून ती आरपार जाते, मागची विटांची भिंत तिला थांबवेलच असं नाही, काँक्रीटवर आपटली तर कुठे उडेल सांगता येत नाही. आणि नेम चुकून जखमी झाला तर तो दरवाजे असलेल्या कॉरिडॉरमध्ये, लोक आत असताना.

भुलीची डार्टही पिक्चरसारखी नसते. ती वीस-तीस मीटरच्या आतच भरवशाची, मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसात बसायला हवी, आणि औषध चढायला पाच-दहा मिनिटं तरी जातात. जनावर बिथरलेलं असेल तर जास्त. त्या मिनिटांत ते पळतं, झेपा टाकतं, आणि आरडाओरडा जितका तितकं औषध उशिरा चढतं. म्हणजे गर्दी पांगवणं हा भूल देण्याचाच भाग आहे. चिंचपाड्याला वनखातं आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची टीम दिवसभर हेच करत होती. संध्याकाळपर्यंत बिबट्या भूल देऊन पिंजऱ्यात गेला, जिवंत.

तुमच्या सोसायटीत कधी असं काही दिसलं तर दार लावा, जिना मोकळा ठेवा, लाइव्ह करायला खाली उतरू नका, आणि वनखात्याची हेल्पलाइन १९२६ लावा. चार आकडे, आत्ताच सेव्ह करा.

पुढच्या भागात याच व्हॉइस नोट्समधला दुसरा प्रश्न घेतोय: गेममधला स्कोप आणि खरा स्कोप, यात इतका फरक का. भेटू.